मेंदूच्या टीबीत स्टेरॉईड का देतात आणि घरी आल्यावर ते नीट कसं द्यायचं

भाऊ महिनाभर हॉस्पिटलात राहून घरी आला त्या रात्री आम्ही औषधांची पिशवी जेवणाच्या टेबलावर ओतली. टीबीच्या गोळ्या एका बाजूला, ॲसिडिटीची एक, बी-सिक्स व्हिटॅमिनची एक, आणि डेक्सामेथासोनच्या स्ट्रिपा. मामा तिथेच बसले होते, त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अगं हे स्टेरॉईड आहे, याने प्रतिकारशक्ती कमी होते, आणि टीबीत तर ती वाढवायला पाहिजे ना?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने मी डॉक्टरांना विचारत राहिले, वाचत राहिले, घरात चुकाही झाल्या, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. कुणाच्या घरी आत्ता मेंदूचा टीबी, म्हणजे टीबी मेनिंजायटिसचा पेशंट असेल तर उपयोग होईल. डोस मात्र तुमच्या पेशंटच्या कागदावर आहे तोच, माझ्या भावाचा नाही.

आधी मामांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं आणि गोळी मध्येच बंद करायचा मोह होत नाही.

टीबीचा जंतू आपल्या शरीरात जाऊन नेमका आपल्याच पहारेकऱ्याच्या पोटात राहतो. मॅक्रोफेज नावाच्या पेशी जंतूंना गिळतात, बाकीचे जंतू तिथे मरतात, टीबीचा मात्र तिथे घर करतो आणि वर्षानुवर्षं राहू शकतो. त्याला आवरायला शरीर सूज आणतं, आणि ही सूज किती आणायची हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टींमधलं एक एन्झाईम आहे, नाव एलटीए४एच. हे एन्झाईम एका चरबीसारख्या रेणूपासून एलटीबी४ नावाचा पदार्थ बनवतं, तो सूज वाढवतो आणि त्याच्यामागे टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा अजून एक पदार्थ पण वाढतो. एन्झाईम कमी असलं तर तोच कच्चा माल दुसऱ्या वाटेने जातो आणि लायपॉक्सिन तयार होतं, जे सूज शांत करतं. म्हणजे माल एकच आणि वाटा दोन, कुठल्या वाटेला किती जाणार ते या एन्झाईमवर.

हे कळलं ते माशांमुळे. घरच्या फिशटँकमध्ये ते छोटे निळ्या पट्ट्यांचे मासे असतात ना, झेब्राफिश, त्यांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या आत जंतू आणि मॅक्रोफेज यांची लढाई मायक्रोस्कोपखाली सरळ बघता येते. माशांना होणारा टीबीचा एक चुलत जंतू असतो, मायकोबॅक्टेरियम मरायनम, तो वापरून ललिता रामकृष्णन यांच्या टीमने हे काम केलं. या बाई बडोदा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर, नंतर अमेरिकेत सिॲटलला आणि मग केंब्रिजला. २०१० मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की ज्या माशांमध्ये हे एन्झाईम नव्हतं त्यांच्या मॅक्रोफेजना जंतू आवरेनात आणि मासे जास्त आजारी पडले. यात नवल नाही. पण २०१२ मध्ये कळलं की एन्झाईम जास्त झालं तरी मासे तेवढेच आजारी पडतात! टीएनएफ इतका वाढतो की मॅक्रोफेज आधी जंतू मारायला लागतात पण मग स्वतःच फुटून मरतात, आणि आतले उरलेले जंतू बाहेर मोकळ्या जागेत पडतात, तिथे त्यांना अडवायला कुणीच नाही, दोरखंडासारखे गुच्छ करून ते वाढत जातात. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून मामांना हाक मारली. प्रतिकारशक्ती कमी पडली तरी जंतूचा फायदा, जास्त झाली तरी जंतूचा फायदा. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण गॅस बंद करत नाही, बारीक करतो, तसंच आहे हे.

आणि मेंदूत तर उतू जायला जागाच नाही. पायाला सूज आली तर पाय फुगतो, कवटी फुगत नाही. मेंदूभोवतीच्या पडद्यांना सूज आली की पाण्याची वाट अडते, डोक्यात पाणी साठतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो. म्हणून टीबीच्या गोळ्या जंतू मारतात आणि स्टेरॉईड तेवढ्या काळात सूज आवरून धरतं. व्हिएतनाममध्ये ५४५ पेशंटवर झालेला अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात टीबीच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिलेल्यांपैकी ३१.८ टक्के लोक दगावले आणि न दिलेल्यांपैकी ४१.३ टक्के. म्हणजे शंभरातले नऊ-दहा जीव जास्त वाचले. अपंगत्व मात्र त्याने फारसं कमी झालं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि मला वाटतं घरच्यांना हे आधीच माहीत असावं, म्हणजे फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून मनावर घेतली जाते.

आता करायचं काय ते.

आजार लवकर पकडणं हे सगळ्यात मोठं काम. भावाला तीन आठवडे बारीक ताप आणि डोकेदुखी होती, आम्ही ऑफिसचं टेन्शन, चष्म्याचा नंबर, उन्हाळा असं म्हणत राहिलो. मग उलट्या सुरू झाल्या आणि एका सकाळी तो आईशी काहीतरी विचित्रच बोलायला लागला, तेव्हा धावलो. दोन आठवड्यांच्या वर डोकं दुखतंय, सोबत ताप किंवा उलटी, माणूस चिडचिडा किंवा गप्प झालाय, झोपाळलाय, एकाचे दोन दिसतायत, यातलं काहीही असेल तर मेडिकलमधून गोळी आणून दिवस ढकलू नका. डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतील. त्यावर घरात हमखास कुणीतरी म्हणतं की पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो. तसं होत नाही, डॉक्टर ते करण्याआधी धोका आहे का ते बघतात, सुई जिथे घालतात तिथपर्यंत मज्जारज्जू पोचतच नाही, एक-दोन दिवस डोकं आणि कंबर दुखू शकते एवढंच बहुतेकांना होतं, आणि अधू होतो तो उशीर केल्याने. ते पाणी सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनवर तपासतात, ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं मशीन आहे. पाण्यात जंतू फार कमी असतात, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर बाकीची लक्षणं आणि स्कॅन बघून टीबीचे उपचार सुरू करू शकतात, "रिपोर्ट निगेटिव्ह आहे मग गोळ्या कशाला" असा वाद तिथे घालू नका. एचआयव्हीची टेस्ट सांगितली तर लगेच होऊ द्या, त्यात कमीपणा काही नाही, कारण एचआयव्ही असलेल्यांमध्ये स्टेरॉईडचं गणित वेगळं आहे, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातल्या ५२० पेशंटच्या २०२३ च्या अभ्यासात त्यांना त्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही, त्यामुळे डॉक्टरांना ते आधी माहीत असणं गरजेचं असतं.

मग डिस्चार्जचा दिवस. इथे घाई करू नका. स्टेरॉईड हळूहळू उतरवत नेतात, एकूण साधारण सहा ते आठ आठवडे, सुरुवातीला शिरेतून इंजेक्शन आणि मग गोळ्या. आमच्याकडे घरी आल्यावर चार आठवडे गोळ्या होत्या, पहिला आठवडा रोज ४ मिलिग्रॅम, मग ३, मग २, मग १. कागदावर लिहिलं होतं "४", आणि स्ट्रिप होती ०.५ मिलिग्रॅमची. मी चार गोळ्या दिल्या. म्हणजे २ मिलिग्रॅम, निम्मा डोस! तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं परत ठणकायला लागलं, उजेड नको म्हणायला लागला, आणि आम्ही घाबरून परत हॉस्पिटल गाठलं. तिथल्या सिस्टरनी स्ट्रिप हातात घेतली, उलटी केली, बोटाने तो बारीक आकडा दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, आठ द्यायच्या होत्या." चूक माझी होती, मी स्ट्रिप वाचलीच नव्हती.

म्हणून सांगते, डिस्चार्जच्या वेळीच तिथे उभं राहून तीन गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: रोजचे मिलिग्रॅम किती, या स्ट्रिपमधल्या एका गोळीत मिलिग्रॅम किती, म्हणजे गोळ्या किती. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात गोळ्यांची संख्या लिहा, मिलिग्रॅम नको, संख्या, ८ ८ ८ ८ ८ ८ ८, मग ६, मग ४, मग २, म्हणजे तुम्ही नसाल तेव्हा आजीसुद्धा गोळ्या देऊ शकते. दिली की गोल करायचा. दुसऱ्या वेळी मेडिकलवाल्याने वेगळ्या ताकदीची स्ट्रिप दिली तर सगळे आकडे बदलतात, त्यामुळे शक्यतो रिकामी स्ट्रिप दाखवून तीच मागा. आणि डेक्सामेथासोनच्या जागी प्रेडनिसोलोन "सेमच आहे" म्हणून घेऊ नका, दोन्ही स्टेरॉईडच, पण ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे जवळपास ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, किती फरक पडतो बघा.

द्यायची वेळ सकाळी, नाश्ता झाल्यावर. रात्री दिली तर झोप उडते. टीबीच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी उपाशीपोटी सांगतात, त्यामुळे आमचं असं बसलं की उठल्यावर टीबीच्या गोळ्या, तासाभराने पोहे नाहीतर भाकरी-दूध, आणि त्यावर स्टेरॉईड. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर अंदाजाने परत देऊ नका, फोन करून विचारा. टीबीच्या गोळ्यांमधल्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घाम आणि डोळ्यातलं पाणीपण कधी कधी, ते रक्त नाही, घाबरू नका. याच रिफॅम्पिसिनमुळे लिव्हर स्टेरॉईड लवकर संपवतं, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेला डोस "जास्त वाटतोय" म्हणून आपल्या मनाने कमी करणं तर अजिबात नको.

स्टेरॉईड चालू असताना शुगर वाढते, आधीपासून डायबिटीस असेल तर घरच्या मशीनवर रोज बघा, नसेल तरी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासा, आणि खूप तहान, सारखी लघवी याकडे लक्ष ठेवा. भूक भयंकर लागते, चेहरा गोल होतो, ते नंतर उतरतं. मूड बदलतो, आमचा शांत भाऊ रात्री दोनला उठून कपाट लावत बसायचा आणि आई रडायची की याच्या डोक्यात कायमचं काही झालं का. डोस उतरला तसं तेही गेलं. पण काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, खूप ताप, झटका, नाहीतर माणूस हाक मारून उठत नाही, यात वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

सगळ्यात जास्त डोळ्यात तेल घालून बघायचे दिवस म्हणजे डोस खाली आल्यानंतरचे चार-पाच दिवस. आठाच्या सहा झाल्या, सहाच्या चार झाल्या, प्रत्येक वेळी. त्या दिवसांत कॅलेंडरच्या चौकोनात मी अजून एक-दोन शब्द लिहायचे, डोकं, उलटी, झोप, ताप, आणि एक प्रश्न रोज सकाळी विचारायचे, आज वार कोणता आणि काल रात्री जेवायला काय होतं. डोस उतरवताना सूज परत डोकं वर काढू शकते, कधी जंतू मरत असतानाच त्यांच्या अवशेषांवर शरीर चवताळतं आणि औषध लागू पडत असूनही पेशंट बिघडल्यासारखा दिसतो. याचा अर्थ औषध चुकलं असा लगेच लावू नका, आणि गोळ्या बदलायला दुसरीकडे पळू नका, आधी ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना त्याच दिवशी दाखवा. ते कधी डोस परत एक पायरी वर नेतात, कधी स्कॅन करतात, डोक्यात पाणी साठलं असेल तर शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी बारीक नळी, घालावी लागते. कुठल्या तारखेला कुठला डोस होता आणि कधी दुखायला लागलं हे तुमच्या कॅलेंडरवर असेल तर त्यांचा निर्णय पटकन होतो, हे मी स्वतः बघितलंय.

अचानक बंद तर कधीच करायचं नाही. बाहेरून स्टेरॉईड मिळत असलं की किडनीवर बसलेल्या छोट्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉईड बनवणं थांबवतात, त्यांना परत जागं व्हायला वेळ लागतो. एकदम बंद केलं तर बीपी उतरतं, माणूस गळून पडतो, जिवावर बेतू शकतं. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणून ठेवा, गावाला जाताना हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

आता "इम्युनिटी वाढवणाऱ्या" गोष्टींबद्दल, कारण पेशंट घरी आला की प्रत्येक पाहुणा काहीतरी घेऊन येतो. काढे, गुळवेलीचा रस, कसली कसली पावडर. ज्या आजारात सूज आवरायला डॉक्टर झटतायत तिथे ती भडकवायचा प्रयत्न कशाला? शिवाय टीबीच्या तीन मुख्य गोळ्या लिव्हरवर ताण देतात, आणि गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. आम्ही सगळ्यांना सांगितलं की अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध आणा, आणि खरंच लोकांनी आणलं. भूक जाणं, मळमळ, डोळे पिवळे, लघवी चहासारखी काळपट असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

ॲस्पिरिनचंही तसंच. लखनौला आणि व्हिएतनामला मेंदूच्या टीबीत ॲस्पिरिन देऊन अभ्यास झालेत, पॅरालिसिसचा झटका टाळता येतो का हे बघायला. ते वाचून किंवा कुणी सांगितलं म्हणून घरी सुरू करू नका, स्टेरॉईडबरोबर ॲस्पिरिन किंवा दुसरी पेनकिलर म्हणजे पोटात रक्तस्रावाचा धोका. डोकं दुखलं तर कोणती गोळी चालेल हे डिस्चार्जलाच लिहून घ्या.

वाचता वाचता माझ्यासारखा तुम्हालाही प्रश्न पडेल की मग आपल्या पेशंटमध्ये ते एन्झाईम कमी आहे की जास्त हे तपासून का घेत नाहीत? २०१२ च्याच कामात व्हिएतनामच्या पेशंटमध्ये हे एन्झाईम किती बनणार ते ठरवणारा जीन बघितला होता. जीन टी, सी अशा अक्षरांत लिहिलेला असतो, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, तर या जीनच्या एका जागी दोन टी असले तर एन्झाईम जास्त, दोन सी असले तर कमी, एकेक असला तर मधलं. जास्तवाल्यांना स्टेरॉईडचा खूप फायदा झालेला दिसला, कमीवाल्यांना तसा दिसला नाही. मला वाटलं झालं, टेस्ट करून घेऊ. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी शांतपणे समजावलं की इंडोनेशियात ६०८ पेशंट बघितले, २०१७ मध्ये तो अभ्यास आला, तिथे या जीनवरून कोण वाचणार ते काही सांगता आलं नाही. एका देशात जे दिसलं ते दुसरीकडे दिसलं नाही. शिवाय आजारी माणसाला रिपोर्टची वाट बघत स्टेरॉईडशिवाय ठेवणं परवडत नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्याकडचा सल्ला आजही सरसकट आहे, मेंदूचा टीबी म्हटलं की टीबीच्या औषधांबरोबर स्टेरॉईड सुरू करायचं. कुणी प्रायव्हेट लॅबमधून जीन टेस्टचं पॅकेज विकत असेल तर तो पैसा पेशंटच्या खाण्यावर आणि फिजिओवर घाला. मला मात्र हे काम मनापासून मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे निदान कळलं की सगळ्या पेशंटना एकच माप बसेलच असं नाही, आणि पुढेमागे प्रत्येकाच्या सुजेप्रमाणे औषध ठरवता यायला हवं.

शेवटची गोळी झाली त्या दिवशी आईने शिरा केला, आणि लगेच शेजारून प्रश्न आला, "झाले ना उपचार?" नाही झाले. स्टेरॉईड संपतं दोन महिन्यांत, टीबीच्या गोळ्या मेंदूच्या टीबीत साधारण नऊ ते बारा महिने असतात, कमी-जास्त ते डॉक्टर ठरवतात. पेशंट चालतोय, हसतोय, जेवतोय तेव्हाच गोळ्या सोडायचा धोका सगळ्यात मोठा, कारण जंतू लपून राहण्यातच पटाईत आहे. स्टेरॉईड गेल्यावर आम्ही नवीन महिन्याच्या पानावर फक्त टीबीच्या गोळ्यांचे गोल सुरू ठेवले. महिन्यातून एकदा मी त्याला एक डोळा झाकून पेपरातली बारीक अक्षरं वाचायला लावते आणि लाल-हिरवा रंग ओळखायला सांगते, कारण टीबीच्या गोळ्यांमधल्या इथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो, धूसर वाटलं तर लगेच दाखवायचं.

निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, नाव आलंय ना ते सरकारी टीबी सेंटरवर विचारा, प्रायव्हेटमध्ये उपचार चालू असले तरी नोंद होते. बँक खातं जोडलं की उपचार संपेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपयांप्रमाणे पैसे जमा होतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. अडलं तर हेल्पलाईन आहे १८००-११-६६६६.

आणि फॉलोअपला जाताना कॅलेंडरचं पान फाडून नेऊ नका, फोटो काढून न्या. आम्ही पहिल्यांदा पान नेलं, ते ओपीडीत फाईलमध्ये राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी हातात स्ट्रिप घेऊन रिकाम्या खिळ्यासमोर उभी होती.